जांभळ्या गणवेशातल्या मुली

आमच्या बाई रोज सकाळी कोंबड्यांची हजेरी घ्यायच्या. चेष्टा नाही. इस्त्रीची साडी, घट्ट अंबाडा, मनगटावर घड्याळ, अशा थाटात बाई मागच्या दारी यायच्या, खुराड्याचं दार उघडायच्या आणि खणखणीत आवाजात सुरू करायच्या, "कुमुद. वत्सला. प्रमिला. मोठी प्रभा. धाकटी प्रभा. सुलभा." मग चष्म्यावरून बघत, "आणि मंदाकिनी. आपण आज तरी नीट वागणार आहात का?" मंदाकिनी खरं तर बाकीच्यांच्या डोक्यावरून उडी मारून सगळ्यांच्या आधी बाहेर पडलेली असायची. पण तिचं नाव शेवटी घ्यायचं, ही बाईंनी तिला दिलेली पहिली शिक्षा.

बाई म्हणजे पेठेतल्या एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त पर्यवेक्षिका. कोथरूडला त्यांचा छोटा बंगला होता, आणि त्याच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. आमचं गाव खडकवासल्याच्या अलीकडे. धरण दारात आणि हंडा डोक्यावर, असं ते गाव. आजोबांचा अंगठा, वडिलांची चौथी, आणि आईने शाळा पाहिली ती बाहेरून, म्हशींच्या मागे जाताना. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते. यात लपवण्यासारखं काही नाही आणि मिरवण्यासारखं भरपूर आहे.

बाईंची एक खोड होती. राग आला की त्या अहो-जाहोवर यायच्या. "अगं, दिवा मालव," म्हणजे सगळं आलबेल. "आपण दिवा मालवणार आहात का?" म्हणजे आता खैर नाही. वाण्याला, नळवाल्याला, मला, पुढे कोंबड्यांना, सगळ्यांना हाच नियम. मी बी.कॉम. झाले त्या दिवशी मात्र बाईंनी मला नवीन नाव दिलं. "या, ग्रॅज्युएट," त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आणि येताना नळ बंद करून या. तुमच्या आनंदात टाकी रिकामी झाली." तेव्हापासून मी ग्रॅज्युएट. हाक ऐकली की आजही माझी मान एक इंच वर जाते.

निकाल लागता लागता दिवाळी तोंडावर आली होती. पेढे घेऊन आई येईल असं मला वाटलं होतं. आई आली ती डोक्यावर डालगं घेऊन. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. उलटं केलं तर आतून सात पिल्लं बाहेर पडली आणि बाईंच्या तुळशीखाली पांगली.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"पेढे काय, एका दिवसात संपत्यात," आई म्हणाली. "तुमी पोरीला वळन लावलंसा. ह्या पन वळनाला लावा. कोंबडा न्हाय आनला बगा, तुमच्या बंगलेवाल्यांची झोपमोड नको."

सात पिढ्यांच्या शाकाहारी बाई पिल्लांकडे बघत राहिल्या. नको म्हणावं तर आईचं तोंड पडणार. शेवटी त्यांनी सवयीने विचारलं, "आपलं पूर्ण नाव?"

"मंगल बबन," आईने झटकन सांगितलं.

"बबन म्हणजे यजमान का?"

"न्हाय, माझा बा. तुमी शाळंच्या बाई हाय न्हवं. शाळंत बापाचंच नाव लावत्यात."

बाईंनी मान डोलावली आणि पिल्लं दाखल करून घेतली. नावं त्यांनीच ठेवली, आपल्या डी.एड.च्या मैत्रिणींची. दोन पिल्लं अगदी सारखी दिसत होती, म्हणून दोघींचं नाव प्रभा. "प्रत्येक वर्गात दोन प्रभा असतातच," बाई म्हणाल्या. आणि मग ते वाक्य, जे मी त्यांच्याकडे राहिले तेवढी वर्षं ऐकलं: "नाव एकदा लागलं की लागलं. मी आजवर कुणाचं नाव कापलेलं नाही." नापास झालेली, पळून जाऊन परत आलेली, फी थकलेली, कुठलीच मुलगी त्यांनी शाळेतून काढू दिली नव्हती म्हणे. बाईंना आयुष्यात अभिमान एवढ्याच एका गोष्टीचा होता.

थंडी सरली आणि पिल्लांच्या तलंगा झाल्या. अंडी घालायच्या वयाला टेकलेल्या तरण्या कोंबड्या म्हणजे तलंगा. शाळेत नववीचा वर्ग असतो ना, तेच वय. मंदाकिनी तांबडी, धिप्पाड, चालताना एक खांदा पुढे काढणारी. सुलभा कवड्या रंगाची, बारीक, नेहमी भिंतीला लागून. मंदाकिनीने आधी तिला दाण्यावरून हुसकलं, मग पाण्यावरून, मग झोपायच्या दांडीवरून. मग बाकीच्याही शिकल्या. ज्वारी टाकली की दाणे टिपायच्या आधी सगळ्या जणी एकेकदा सुलभाला टिपून यायच्या.

हा प्रश्न बाईंनी कोंबड्यांचा म्हणून हाताळलाच नाही, विद्यार्थिनींचा म्हणूनच हाताळला. पहिल्यांदा समुपदेशन. स्टूल टाकून बसल्या, मंदाकिनीला मांडीवर घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मंदाकिनी, तुला घरी काही त्रास आहे का गं?" मंदाकिनीने बाईंच्या घड्याळाच्या काचेवर टकाटक तीन टोले दिले. "तास संपला म्हणते," बाई म्हणाल्या आणि तिला खाली सोडलं. कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारचे काका बघत होतेच. त्यांना निवृत्तीनंतर तेवढंच काम होतं.

"आज पालकसभा वाटतं?" काकांनी विचारलं.

"हो. वात्रट मुलांनी भिंतीवरून खाली उतरावं."

दुसरा उपाय भांड्यांचा. मंदाकिनी दाण्याच्या भांड्यात पाय ठेवून उभी राहायची, म्हणून बाईंनी दुसरं भांडं लांब पेरूखाली ठेवलं. मंदाकिनी धावत तिकडे गेली. इकडे कुमुद खायला लागली, की मंदाकिनी इकडे. बाईंनी शांतपणे तिसरं भांडं संडासाच्या मागे नेऊन ठेवलं. मग जे सुरू झालं ते चौकात सिग्नल बंद पडल्यावर वाहतूक पोलिसाचं होतं तेच. इकडून तिकडे, तिकडून इकडे, पंख पसरून, मान काढून, आणि या सगळ्या धावपळीत तिच्या स्वतःच्या पोटात दाणा नाही. आम्ही दोघी पायरीवर बसून पोट धरून हसलो. सुलभाने त्या दिवशी पोटभर खाल्लं.

तिसरा उपाय कोबीचा. "ग्रॅज्युएट, मारामाऱ्या कधी होतात?" बाईंनी मला विचारलं. मी पुस्तकी काहीतरी सांगणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "रिकाम्या तासाला. गणिताच्या तासाला कुणी कुणाची वेणी ओढल्याचं मी ऐकलेलं नाही." मग पेरूच्या फांदीला सुतळीने कोबीचा गड्डा टांगला, कोंबड्यांच्या डोक्याहून जरा वर. सात जणी उड्या मारमारून त्याला टोचू लागल्या. गड्डा झोके घ्यायचा, दोन्ही प्रभा एकमेकींवर आपटायच्या, वत्सला दर वेळी गड्डा गेल्यावर उडी मारायची. कोबी होता तोवर अंगणात शांतता. कोबी संपला आणि मंदाकिनीने वळून पाहिलं.

त्या संध्याकाळी सुलभाच्या पाठीवर, शेपटीच्या वर, रक्त दिसलं. पिसं उपटून तिथे रुपयाएवढी लाल जागा झाली होती. आणि लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचायच्या. मी आईला फोन केला.

"कोंबड्यांत असतंयच थोरली-धाकटी," आई म्हणाली. "पर रगात काढाय लागली मंजी ती तांबडी माजली. आशानं कवडी मरंल. बाईंना सांग, ऐतवारी येते म्या. वाटन घिऊनच येते."

"कसलं वाटण?" बाईंनी विचारलं.

"कांदा-खोबऱ्याचं," मी म्हटलं. "तांबड्या रश्शाचं."

बाईंनी आधी खुराड्याच्या दाराची कडी लावली. मग म्हणाल्या, "माझ्या वर्गातून कुणाचं नाव कमी झालेलं नाही. आणि झालंच, तर ते रश्शात होणार नाही." पण आईचंही खोटं नव्हतं. मंदाकिनी अशीच राहिली तर सुलभा जाणार, आणि सुलभाला वाचवायचं म्हणून मंदाकिनीला आई नेणार. दोघींपैकी एकीचं नाव रविवारी कापलं जाणार, हे बाईंना दिसत होतं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, पोट बिघडलंय.

सुलभाला आम्ही डालग्याखाली वेगळं ठेवलं. जरा बरं वाटलं म्हणून परत सोडलं, तर आधीपेक्षा जास्त मार. तेव्हा बाईंनी कपाटातून शाळेतली जुनी प्रथमोपचाराची पेटी काढली. त्यात जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाच्या बाटल्या होत्या. आमच्या लहानपणी गुडघा फुटला की लावायचे तेच. बाईंचा हिशोब बरोबर होता: लाल जांभळ्याखाली झाकलं की कुणी टोचणार नाही. सुलभाची पाठ जांभळी करून आम्ही तिला ऐटीत अंगणात सोडलं.

एक क्षण सगळ्या स्तब्ध. मग, हे कोण नवीन आलंय, म्हणून सहाच्या सहा तिच्यावर तुटून पडल्या. सगळ्यांत गरीब स्वभावाची वत्सलासुद्धा, आणि या वेळी तिचा नेम चुकला नाही. मी सुलभाला कसंबसं उचललं. बाई कपाळाला हात लावून उभ्या. आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"गणवेश!" बाई ओरडल्या. "अगं, आपण एकीलाच वेगळा गणवेश घातला! वर्गात एकच मुलगी वेगळी दिसली तर मुली तिला सोडतात का? ग्रॅज्युएट, सगळ्यांना आण."

पुढचा तासभर काय झालं ते सांगताना मला आजही नीट श्वास घेता येत नाही. कोंबडी पकडणं माझं, रंगवणं बाईंचं. कुमुद दोरीवर वाळणाऱ्या साडीत शिरली, प्रमिला पेरूवर गेली. एक प्रभा दोनदा रंगवली गेली आणि दुसरी राहिली, पण कोणती ते कळेना, म्हणून दोघींना पुन्हा. मंदाकिनीने बाटलीवरच लाथ मारली. बाईंचा अंबाडा सुटला, चष्मा जांभळा, माझं नाक जांभळं, तुळशीचं वृंदावन जांभळं. सात जांभळ्या कोंबड्या अंगणात फडफडत होत्या आणि आयुष्यभर मुलींना ‘शिस्त, शिस्त’ म्हणणाऱ्या आमच्या बाई पायरीवर बसून, पदराने डोळे पुसत, खिदळत होत्या. पदरही जांभळाच होता, त्यामुळे डोळेही झाले.

काकांचं डोकं भिंतीवर आलं. "बाई, रंगपंचमी परवा आहे."

"माहीत आहे. आमची रंगीत तालीम चालू आहे."

गणवेश कामी आला. सगळ्या सारख्याच विचित्र दिसू लागल्यावर बाकीच्यांनी सुलभाला सोडलं. एक मंदाकिनी तेवढी सोडेना. तिला रंगाशी देणंघेणं नव्हतं. तिला सुलभाच हवी होती.

बाईंनी मंदाकिनीला उचलून काखेत धरलं. मग म्हणाल्या, "आपण चुकीच्या मुलीला बाहेर काढत होतो गं. मार खाणारीला बाहेर ठेवलं, की ती परत येईतो तिची होती नव्हती ती जागाही जाते. आता दांडगीची जागा जाऊ दे." आणि त्या सरळ अहो-जाहोवर आल्या. "मंदाकिनी, आपण वर्गाबाहेर."

माझी स्कूटर लावायच्या बोळात, बाकीच्या दिसणार नाहीत अशा जागी, मंदाकिनी डालग्याखाली गेली. दाणा वेळेवर, पाणी वेळेवर. आणि रोज सकाळी हजेरी झाली की बाई खुर्ची घेऊन तिच्याशेजारी बसायच्या आणि पेपर मोठ्याने वाचायच्या. अग्रलेख झाला की वाचकांचा पत्रव्यवहार. मी म्हटलं, बाई, ही शिक्षा आहे की लाड? "बाहेर उभं केलं म्हणजे टाकून दिलं असं नव्हे," बाई म्हणाल्या. "ते तिला कळायला नको?" आतून मंदाकिनी कॉक् करायची. एखाद्या पत्रलेखकाशी ती सहमत नसावी.

रविवार उजाडला. आईची बस यायच्या आधी बाईंनी डालगं उचललं. मंदाकिनी बोळातून बाहेर आली, खांदा पुढे काढला आणि सरळ मधल्या भांड्याकडे निघाली. तिथे कुमुद उभी होती. मधल्या काळात कुमुदने वरची दांडी आणि मधलं भांडं दोन्ही आपलंसं केलं होतं. तिने मंदाकिनीच्या तुऱ्यावर एकच सणसणीत चोच दिली. मंदाकिनी जागच्या जागी थांबली. पहिल्या बाकावरच्या मुलीने शाळेत यावं आणि आपल्या जागेवर दुसरीचं दप्तर दिसावं, तसा तिचा चेहरा झाला. कोंबडीला चेहरा असतो का, असं विचारू नका. त्या दिवशी होता. ती इकडे गेली, प्रमिलाने हुसकलं. तिकडे गेली, प्रभांनी हुसकलं. शेवटी ती भिंतीला लागून, सुलभा उभी असते तिथे, जाऊन उभी राहिली. सुलभाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि भांड्यात मान घातली. मंदाकिनीने दुसऱ्या बाजूने घातली.

तेवढ्यात फाटकातून आईचा आवाज आला. "आगं बया! ह्या कोंबड्या हायेत का वांगी?"

आई हातातला स्टीलचा डबा तसाच धरून अंगणात उकिडवी बसली आणि निरखत राहिली. बाई तिच्यामागे उभ्या, परीक्षेला इन्स्पेक्टर आल्यासारख्या. तांबडी आणि कवडी एका भांड्यात खात होत्या.

"हिला मारलंसा?" आईने विचारलं.

"नाही."

"उपाशी ठिवली?"

"नाही. वर्गाबाहेर ठेवली. पेपर वाचून दाखवला."

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. आई आधी तोंड दाबून हसली, मग मोठ्याने, मग तिला बसवेना म्हणून जमिनीवर फतकल मारून हसली, आणि तिचं बघून बाईही. हसणं ओसरल्यावर आईने डबा माझ्या हातात दिला. "वाटन कशाला वाया घालवायचं? खरी वांगी आन जा." त्या दुपारी तांबडा रस्सा झाला, पण वांग्यांचा. बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर घाम आला होता. "फार तिखट आहे," त्या म्हणाल्या. "अजून वाढा."

मला नोकरी लागून आता तीन-चार वर्षं झाली. माझ्या हाताखाली नवीन मुलं येतात. त्यांतला एखादा मोठ्या आवाजाचा, एखाद्या गप्प मुलीच्या मागे लागला, की लोक म्हणतात, तिला दुसऱ्या टीममध्ये द्या. मी म्हणते, तिला नाही, त्याला. आणि तो गेल्यावर रोज त्याच्या टेबलाशी जाऊन चहा पिते. कारण कुणाला सांगत नाही. जांभळ्या कोंबड्यांचं कोण खरं मानेल?

बाईंचा बंगला पुनर्विकासाला गेला आणि त्या बाणेरला मुलाकडे गेल्या, अकराव्या मजल्यावर. तिथे कोंबड्या कुठल्या? आई रिक्षा घेऊन सातही जणींना न्यायला आली. बाईंनी शेवटची हजेरी घेतली, प्रत्येकीला स्वतः डालग्यात ठेवलं. सुलभाला ठेवताना जरा वेळ लागला. मग आईला म्हणाल्या, "मंगलबाई, नाव कापायचं नाही."

"न्हाय कापत."

"आणि कोंबडीही."

"अवो न्हाय, बाई! तुमच्या पोरी हायेत."

रिक्षा वळली तरी बाई फाटकात उभ्या होत्या. चष्मा पुसत होत्या. त्याच्या दांडीला अजून थोडा जांभळा रंग होता.

गेल्या रविवारी मी गावी होते. सकाळी फोन वाजला, बाईंचा. आता त्या दर रविवारी फोन करतात, माझ्यासाठी नाही. आईने फोन स्पीकरवर टाकून खुराड्यावर ठेवला.

"कुमुद," फोनमधून आवाज आला.

"हजर हाय, बाई."

"वत्सला. प्रमिला. मोठी प्रभा."

"हजर. हजर. ही नाय तर ती, पर दोघी हजर."

"सुलभा?"

"हजर. खुडूक झालीय, अंड्यावर बसलीय."

"वा! मंदाकिनी?"

आई घुटमळली. "हजर हाय, पर वर्गाभाईर हाय. डालग्याखाली. शेजाऱ्याच्या कुत्र्याला टोचलं तिनं."

"तिला पेपर वाचून दाखवता ना?"

"मला कुठं वाचाय येतंय, बाई? गानी म्हनते तिच्याम्होरं."

"चालेल. उत्तम."

हजेरी संपली असं वाटून आईने फोन उचलायला हात पुढे केला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "एक नाव राहिलं." आणि मग त्याच खणखणीत आवाजात, "मंगल बबन."

आईचा हात तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, डालग्याकडे पाहिलं, पदर नीट केला.

"हजर, बाई," ती म्हणाली.

फोनवरून बाईंना दिसणार नव्हतं, पण आई उठून उभी राहिली होती.